लोअर आर्मचे बुश, रबर की पॉलियुरेथेन: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आहे. तिचे वय अकरा वर्षे असून आजवरची धाव १,१२,००० किलोमीटर झाली आहे. सस्पेन्शनची रचना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) अशी, म्हणजे या आकाराच्या गाड्यांत नेहमी आढळणारीच आहे. गेल्या दोन महिन्यांपासून ब्रेक दाबताच पुढच्या डाव्या चाकाकडून एकदा ‘खट्’ असा आवाज येतो, ब्रेक सोडल्यावर तसाच दुसरा येतो, आणि ब्रेक जोरात लावला तर स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढले जाते. डाव्या टायरची आतली कडही बाहेरच्या कडेपेक्षा अधिक झिजलेली दिसते.

आज मागच्या चाकांना उटी लावून पुढची बाजू स्टँडवर घेतली आणि संशयितांना एकेक करून तपासले. बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्ट्रटचे वरचे माउंट आणि ब्रेक कॅलिपरच्या पिना यांत काहीही ढिले आढळले नाही. त्यानंतर लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) आणि सबफ्रेम (तो दांडा जिला बसतो ती गाडीखालची चौकट) यांच्यामध्ये पहार घालून मागच्या बुशजवळ, म्हणजे दोहोंच्या सांध्यातल्या लवचीक आधाराजवळ, हलका जोर दिला, तेव्हा डावा आर्म जवळजवळ एक सेंटिमीटर सहज सरकला आणि रबराला गेलेली उभी चीर उघडी पडली. उजव्या बाजूच्या बुशवर वरवरच्या भेगा आहेत, पण रबर अजून धातूला धरून आहे. दोन बाजूंचे बुश वेगवेगळ्या वयाचे ठेवणे मला मान्य नाही, त्यामुळे काम दोन्ही बाजूंचे होईल.

तूर्त मनात असलेला बेत असा की हात घातलाच आहे तर पुढचे-मागचे सर्व बुश पॉलियुरेथेनचे करावेत आणि हा विषय कायमचा मिटवावा.

५ जानेवारी २०२५

सुटे भाग मागवण्यापूर्वी दोन्ही प्रकारचे बुश मुळात काम कसे करतात हे कागदावर मांडून पाहिले, आणि कालचा बेत वाटला होता तितका सरळ राहिला नाही.

कारखान्यातून येणारा रबरी बुश म्हणजे आत एक धातूची नळी, बाहेर दुसरी नळी किंवा कवच, आणि दोघांच्या मध्ये उष्णतेने व्हल्कनाइझ करून दोन्ही धातूंना चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने सबफ्रेमला घट्ट आवळलेली असते आणि बाहेरचे कवच आर्मच्या भोकात दाबून बसवलेले असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा या बुशमध्ये काहीही घसरत किंवा फिरत नाही. रबर स्वतः पिळले जाते आणि भार गेला की मूळ जागी परत येते. घासणारा पृष्ठभागच नसल्यामुळे त्याला ग्रीस लागत नाही, आत धूळ गेली तरी बिघडत नाही आणि आवाज येत नाही. त्याची किंमत अशी की रबराची पिळण्याची मर्यादा ही बुशच्या आयुष्याचीही मर्यादा ठरते, आणि ओझोन, उष्णता व इंजिनातून ठिबकणारे तेल ती मर्यादा वर्षागणिक कमी करत जातात.

पॉलियुरेथेनचा बुश बहुधा दोन अर्ध्या भागांत येतो. दोन्ही बाजूंनी ते भाग आर्मच्या भोकात सारायचे आणि त्यांच्या मधून पोलादी नळी घालायची. इथे काहीही चिकटवलेले नसते. आर्म फिरतो तेव्हा पॉलियुरेथेन त्या नळीवर घसरते, म्हणजे हा खरे तर साधा घसरता बेअरिंग आहे. त्यामुळे ग्रीस अपरिहार्य ठरते, आणि बुशला एकाच अक्षाभोवती नीट फिरता येते. त्या अक्षाबाहेरची कोणतीही हालचाल त्याला दाबल्याशिवाय होत नाही.

या फरकाचा एक परिणाम मला आधी सुचला नव्हता. पिळले गेलेले रबर आर्मला मध्यावर परत ओढते, म्हणजेच मुख्य स्प्रिंगला समांतर असा एक छोटासा स्प्रिंग तिथे नेहमीच जोडलेला असतो. नीट ग्रीस लावलेला पॉलियुरेथेनचा बुश मोकळेपणे फिरत असेल तर हा जादा स्प्रिंग नाहीसा होतो आणि चाकाला जाणवणारा एकूण ताठपणा थोडा कमीच होतो. पॉलियुरेथेनने गाडी सर्व बाबतींत कडक होते ही समजूत म्हणूनच ढोबळ आहे.

११ जानेवारी २०२५

दोन्ही लोअर आर्म उतरवले. सबफ्रेमचे बोल्ट आणि बॉल जॉइंटचा नट एकदाच वापरायचे आहेत असे कारखान्याच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटले असल्यामुळे नवे मागवले. डावीकडच्या मागच्या बुशचा बोल्ट गंजून नळीला धरला होता. त्यावर भेदक तेल मारून रात्रभर ठेवावे लागले होते, हे कालच्या रात्रीचे काम इथेच नोंदवतो.

आर्म हातात आल्यावर त्याची भूमिती नीट पाहता आली. तो इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा आहे. बॉल जॉइंट बाहेरच्या टोकाला आहे, पुढचा लहान बुश जवळजवळ त्याच्याच सरळ रेषेत आतल्या बाजूला आहे आणि मागचा मोठा बुश तिथून साधारण एक वीत मागे आहे. पुढच्या बुशचा अक्ष आडवा, गाडीच्या लांबीच्या दिशेने आहे, तर मागच्या बुशचा अक्ष उभा आहे. मला वाटते या एका निरीक्षणाने अर्धा प्रश्न सोडवला.

वळणावर टायरकडून येणारा आडवा भार बॉल जॉइंटमधून सरळ आत, मुख्यतः पुढच्या बुशवर जातो. त्यामुळे तो लहान आणि ताठ असतो. तिथे लवचीकपणा असला तर स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळते. ब्रेकचा किंवा खड्ड्याच्या कडेचा धक्का मात्र चाकाला मागे ढकलतो, तेव्हा संपूर्ण आर्म पुढच्या बुशभोवती वरून पाहता थोडासा वळतो आणि मागचा बुश आडव्या दिशेने दाबला जातो. चाकाला मागे सरकायला मिळालेली ती काही मिलिमीटरची मुभा म्हणजेच खड्ड्यावरून जाताना मिळणारा मऊपणा. म्हणून मागचा बुश मोठा व मऊ केलेला असतो, आणि त्याचा मऊपणा सर्व दिशांना सारखा नसतो.

हे पाहण्यासाठी फाटलेला बुश करवतीने आडवा कापला. आतल्या नळीच्या दोन बाजूंना, म्हणजे गाडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, रबरात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन पोकळ्या आहेत. पुढे-मागे मात्र रबर भरीव आहे. आडव्या दिशेत आधी पोकळी मिटेपर्यंत बुश सहज दबतो, त्यानंतर रबरावर रबर टेकले की तो एकाएकी ताठ होतो. चीर नेमकी पोकळीच्या टोकापासून सुरू झाली आहे, जिथे ताण सर्वाधिक असणार. ब्रेक लावताना येणारा ‘खट्’ म्हणजे फाटलेल्या रबरातून नळी मोकळी सरकून टोकाला आदळण्याचा आवाज होता. तसेच एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा जास्त मागे सरकत होते. चाक मागे जाताना टाय रॉड (चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा दांडा) त्याच्याबरोबर तेवढाच मागे जात नाही, त्यामुळे त्या एका चाकाचा टो, म्हणजे वरून पाहता ते आत किंवा बाहेर किती वळलेले आहे तो कोन, बदलत होता आणि गाडी ओढली जात होती.

आता उभ्या अक्षाचा हिशेब. आर्मच्या फिरण्याच्या अक्षापासून बॉल जॉइंटपर्यंतचे अंतर मी ३५० मिलिमीटर मोजले. चाक मधल्या स्थितीपासून ७० मिलिमीटर वर गेले तर आर्म सुमारे ११.५ अंश कलतो. पुढचा बुश आडव्या अक्षाचा असल्याने तो एवढा नुसता फिरेल. मागच्या उभ्या बुशला मात्र फिरण्याची सोयच नाही; त्याला हे ११.५ अंश आतल्या नळीच्या सापेक्ष तिरपे व्हावे लागेल, एखादा खांब बुडाशी पक्का धरून वरून हलवावा तसे. मऊ, पोकळ रबर ते सहन करते. कठीण पॉलियुरेथेनचा दंडगोल तिथे बसवला तर तो कडांवर अडकेल, आर्मची हालचाल रोखेल आणि अडलेला तो जोर सबफ्रेमच्या पत्र्यावर व बोल्टवर काढेल. काही उत्पादक अशा जागेसाठी आतून गोलाई दिलेले खास बुश काढतात हे खरे, पण माझ्या आर्मसाठी उपलब्ध असलेला संच सरळ दंडगोलाचाच आहे.

१२ जानेवारी २०२५

आजचा दिवस मापनात आणि वाचनात गेला.

उसना आणलेला शोर ड्युरोमीटर वापरून कठीणपणा पाहिला. अल्बर्ट शोर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपकरणात स्प्रिंगवरची बोथट सुई पदार्थात किती रुतते यावरून ० ते १०० असा आकडा मिळतो, आणि रबरासारख्या पदार्थांसाठी ‘ए’ ही पट्टी वापरतात. जुन्या उजव्या बुशच्या रबराने ६० च्या थोडे वर दाखवले. नव्या पॉलियुरेथेनच्या नमुन्यावर उत्पादकाने ८० लिहिले आहे आणि माझ्या मापनात ७८ ते ८१ असे आले, म्हणजे लिहिलेले खरे आहे. शर्यतीच्या गाड्यांसाठी ९५ पर्यंतचे बुश मिळतात, त्यांचा इथे विचार नाही.

केवळ या आकड्यावरून निर्णय घेणे मात्र चूक ठरले असते. रबर दाबले तर त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, ते फक्त बाजूला फुगते. त्याला फुगायला जागाच दिली नाही, म्हणजे दोन नळ्यांमध्ये पातळ थर म्हणून कोंडले, तर तेच मऊ रबर दाबाखाली फार ताठ वागते. आणि त्यातच पोकळ्या ठेवल्या तर लोण्यासारखे वागते. म्हणजे बुशचा ताठपणा पदार्थाइतकाच त्याच्या आकारावर ठरतो. पॉलियुरेथेनच्या बुशची तुलना करताना कठीणपणाचा आकडा ठळक छापलेला असतो आणि आकाराबद्दल कोणी बोलत नाही, याचे मला नवल वाटते.

पॉलियुरेथेन म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे हेही लक्षात ठेवले पाहिजे. पॉलिएस्टरवर आधारलेला प्रकार घर्षणाला आणि तेलाला चांगला टिकतो, पण उष्ण दमट परिस्थितीत पाणी त्याच्या रेणूसाखळ्या हळूहळू तोडते आणि पदार्थ चिकट, ठिसूळ होऊन तुकडे पडू लागतात. पॉलिईथरवर आधारलेला प्रकार पाण्याला अधिक तोंड देतो. चाकाजवळ सतत ओल्या राहणाऱ्या जागेसाठी दुसराच हवा, आणि वेष्टनावर प्रकार लिहिलेला नसेल तर उत्पादकाला विचारून खात्री करून घ्यावी. मी विचारले, उत्तर पॉलिईथर असे आले.

रबर जुने म्हणून मागासलेले आणि पॉलियुरेथेन नवे म्हणून सुधारलेले, असा सूर या विषयावरील बोलण्यात नेहमी ऐकू येतो. चार्ल्स गुडइयर यांना व्हल्कनायझेशनचा शोध १८३९ मध्ये लागला आणि ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन १९३७ मध्ये शोधले, एवढाच काय तो वयाचा फरक. आज आपण जे विकत घेतो ते दोन्ही पदार्थ मूळ रूपात राहिलेले नाहीत, तेव्हा वयावरून काही सिद्ध होत नाही.

१८ जानेवारी २०२५

जागेनुसार निर्णय नक्की केले.

लोअर आर्मचा मागचा बुश रबरीच राहील, मूळ रचनेप्रमाणे पोकळ्यांसह. कारणे ११ तारखेच्या नोंदीत आली आहेत.

पुढचा बुश पॉलियुरेथेनचा करून पाहणार आहे. त्याचा अक्ष योग्य दिशेत आहे, भार मुख्यतः आडवा आहे आणि मला तिथे ताठपणाच हवा आहे. मनात एक शंका आहे: चाक मागे सरकताना आर्म पुढच्या बुशभोवती वरून पाहता थोडा वळतो असे मी वर लिहिले आहे, तेवढ्यापुरता या बुशलाही तिरपे व्हावे लागते. तो कोन एखाद-दुसऱ्या अंशाचाच असल्यामुळे ८० कठीणपणाचा बुश तो सोसेल असा माझा अंदाज आहे. हा प्रयोग आहे, आणि बाहेर काढलेले पुढचे जुने रबरी बुश खराब होऊ न देता काढता आले तर जपून ठेवीन.

अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे) ‘डी’ आकाराचे बुश नि:शंकपणे पॉलियुरेथेनचे करणार. तिथे बार एकाच अक्षाभोवती फिरतो आणि बुश त्याला फक्त जागेवर धरून ठेवतो. बार आणि त्याचे बुश भाराच्या वाटेत एकामागे एक येतात, त्यामुळे गाडी कलू लागताच आधी मऊ बुश दबतो आणि मगच बार पिळायला लागतो. बुश ताठ केला की बारचा परिणाम लवकर सुरू होतो, आणि खड्ड्यातून जाताना दोन्ही चाके बरोबर उचलली गेली तर बार नुसता फिरतो, म्हणून आरामात फारशी घट होत नाही. संपूर्ण गाडीत पॉलियुरेथेनचा सर्वांत निर्विवाद उपयोग बहुधा इथेच आहे.

मागच्या टॉर्शन बीमचा विचार करण्यात मात्र जवळजवळ सगळी दुपार गेली. पूर्ण बीम दोन मोठ्या बुशांवर गाडीच्या बॉडीला टांगलेला असतो. वळणावर टायरचा आडवा भार या दोन बुशांच्या मागे, चाकांच्या रेषेत लागतो, त्यामुळे संपूर्ण बीम वरून पाहता वळू पाहतो, आणि तोही अशा दिशेने की मागची बाजू आणखी बाहेर सरकावी. यावर उपाय म्हणून अनेक गाड्यांत हे बुश सरळ न बसवता तिरपे बसवलेले असतात आणि त्यांच्या कडांना जाणीवपूर्वक आकार दिलेला असतो. आडवा भार आला की बुश त्या तिरप्या पृष्ठभागावरून थोडे सरकतात आणि बीमला उलट दिशेने वळवून तो परिणाम बराचसा खोडून काढतात. म्हणजे कोणताही जादा दांडा न जोडता, रबराच्या केवळ आकारातून, मागच्या चाकांच्या दिशेची दुरुस्ती साधलेली असते. माझ्या गाडीचे मागचे बुश खाली वाकून पाहिले तर तेही तिरपेच आहेत. शिवाय एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की बीम पिळला जातो आणि दोन्ही बुशांना फिरण्याबरोबरच कलावेही लागते. तिथे दोन अर्ध्या भागांचा कठीण बुश घालणे म्हणजे रचनाकाराने रबरात लिहून ठेवलेली सूचना पुसून टाकणे होय. मागचे बुश तपासले, चीर नाही, त्यांना हात लावणार नाही.

१९ जानेवारी २०२५

आज प्रेसवर काम केले आणि एक बुश वाया घालवला.

जुने बुश काढणे तुलनेने सोपे गेले. पुढचे बुश योग्य मापाच्या सॉकेटवर टेकवून प्रेसने सरळ बाहेर आले आणि जपून ठेवण्याजोगे निघाले. मागच्या बुशांची बाहेरची कवचे गंजली होती. त्यांना आतून करवतीने एक उभी चीर पाडून, भोकाच्या भिंतीला ब्लेड लागणार नाही अशा बेताने, आत वाकवून काढले. रबर जाळून बुश काढण्याची एक पद्धत सर्रास सांगितली जाते. तिचा धूर विषारी असतो आणि आर्मच्या रंगाची व जवळच्या बॉल जॉइंटच्या बूटाची वाट लागते, म्हणून ती मी अवलंबली नाही.

नवा रबरी बुश बसवताना भोकाला साबणाचे पाणी लावले. तेल किंवा साधे ग्रीस लावायचे नाही, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. उजवा आर्म नीट झाला. डाव्या आर्मच्या वेळी बुशवरची बाणाची खूण आर्मवरच्या रेघेशी जुळवून प्रेसचा दांडा खाली आणला, पण पहिल्याच दाबाला बुश भोकात किंचित फिरला आणि ते मला बुश पूर्ण आत गेल्यावरच दिसले. खूण सुमारे २० अंश चुकली होती. असे बसवले असते तर पोकळ्या आडव्या दिशेत राहिल्या नसत्या, डाव्या आणि उजव्या चाकांना मागे सरकण्याची वेगवेगळी मुभा मिळाली असती आणि ज्या तक्रारीसाठी हे काम काढले ती नव्या भागांनिशी परत आली असती. बाहेर काढताना दाब बाहेरच्या कवचावर न देता मधल्या नळीवर पडला आणि रबर कडेला सुटले. दुसरा बुश मागवला आहे. पुढच्या वेळी आधी दोन-तीन मिलिमीटर दाबून थांबायचे, खूण पाहायची आणि मगच पुढे जायचे.

२५ जानेवारी २०२५

डावा मागचा बुश बसला, खूण जुळली.

पुढच्या पॉलियुरेथेन बुशांची जुळणी करण्यापूर्वी व्हर्नियरने दोन मापे घेतली. पोलादी नळीची लांबी ४६.४ मिलिमीटर आणि दोन्ही अर्धे भाग एकत्र दाबून धरल्यावर त्यांची लांबी ४६.० मिलिमीटर. नळी अशी थोडी लांब असलीच पाहिजे, कारण बोल्ट आवळल्यावर कंसाच्या दोन पात्यांमध्ये नळी घट्ट धरली जाते आणि पॉलियुरेथेनला फिरायला किंचित मोकळीक उरते. उलट असते तर बोल्टने पॉलियुरेथेनच आवळले असते, ते घसरले नसते आणि बुशचा सारा हेतू फसला असता. संचासोबत आलेले सिलिकॉनचे ग्रीस नळीच्या बाहेर, अर्ध्या भागांच्या आत आणि कडांच्या चकत्यांवरही लावले. चकत्या कंसावर घासतात, आणि कुरकुर बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

आर्म गाडीवर चढवून सर्व बोल्ट हातानेच लावून ठेवले. रबरी बुशचा बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळणे ही या कामातील सर्वांत जास्त केली जाणारी चूक असावी. माझ्या गाडीचे चाक स्टँडवर असताना नेहमीच्या उंचीपेक्षा ८० मिलिमीटर खाली येते, म्हणजे ३५० मिलिमीटरच्या आर्मसाठी १३ अंशांहून थोडे अधिक. त्या स्थितीत आडव्या अक्षाच्या रबरी बुशचा बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर टेकल्याक्षणी रबर १३ अंश पिळले जाते आणि उभ्या गाडीतही तसेच राहते. वर जाणाऱ्या प्रत्येक धक्क्याची भर त्यावरच पडते. नवे बुश वर्ष-दोन वर्षांत फाटल्याच्या किती कहाण्यांच्या मुळाशी हेच असेल कोण जाणे. म्हणून दोन्ही पुढची चाके रॅम्पवर चढवून, गाडीचे वजन चाकांवर असताना, पुढे-मागे दोनदा ढकलून सस्पेन्शन बसू दिले आणि मगच टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्यांप्रमाणे आवळले. पॉलियुरेथेनच्या बुशला हा नियम लागू नाही, कारण त्यात पिळून राहणारे काही नाही; तरी क्रम एकच ठेवला. प्रत्येक नट-बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली.

२६ जानेवारी २०२५

अँटी-रोल बारचे बुश बदलले. बारचा व्यास बुशच्या जागी २२ मिलिमीटर भरला. हे माप बुशच्याच जागी घ्यावे, कारण काही बार मध्ये आणि टोकांना वेगळ्या जाडीचे असतात. गंज काढून बार गुळगुळीत केला, ग्रीस लावले, कंस बसवले. दोन्ही लिंक रॉड सोडवलेल्या स्थितीत बार हाताने वर-खाली फिरवून पाहिला, तो समान जोराने फिरतो आहे. तासाभराचे काम.

१ फेब्रुवारी २०२५

व्हील अलाइनमेंट करून घेतले. आर्म सबफ्रेमवरून उतरवला की टो पूर्वीसारखा राहील असे गृहीत धरता येत नाही. डाव्या चाकाचा टो बाहेरच्या बाजूला गेलेला निघाला, तो पुस्तिकेतील मर्यादेत आणला. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा कल) दोन्ही बाजूंना मर्यादेत आहेत.

८ फेब्रुवारी २०२५

बदलानंतर सुमारे ४०० किलोमीटर झाले. ब्रेक लावतानाचा ‘खट्’ गेला आणि स्टिअरिंग ओढले जाणेही थांबले. हे श्रेय नव्या रबरी बुशचे आहे, पॉलियुरेथेनचे नव्हे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. जुन्या फाटलेल्या बुशशी नव्या पॉलियुरेथेनची तुलना करून पॉलियुरेथेनला गुण देणे हा या विषयातला नेहमीचा दोष आहे. नवे रबर घातले असते तरी गाडी तरुण झाल्यासारखी वाटलीच असती.

पुढच्या बुशमुळे झालेला बदल वेगळा काढायचा तर तो मधल्या वेगाने वळणात शिरतानाच जाणवतो. स्टिअरिंग फिरवल्यापासून गाडीने वळण घेईपर्यंत मध्ये जो किंचित थांबा असे, तो कमी झाला आहे. बदल्यात खडबडीत डांबरावरची बारीक थरथर स्टिअरिंगमध्ये आधीपेक्षा थोडी जास्त येते आणि रस्त्यावरच्या जोडांचा आवाज जरा कोरडा ऐकू येतो. मोठ्या खड्ड्याचा धक्का मात्र पूर्वीइतकाच मऊ आहे, कारण तो सोसणारा बुश रबरीच राहिला आहे. सोबत बसलेल्या घरच्या मंडळींना यातले काहीही जाणवले नाही.

वळणावर गाडी आधीपेक्षा थोडी कमी कलते असे वाटते, पण हे मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही आणि ‘वाटणे’ नोंदवहीत फार वजनाचे नसते.

१ मार्च २०२५

गाडी वेगमर्यादेसाठी घातलेल्या उंचवट्यांवरून हळू नेताना उजवीकडून लाकडी दार उघडल्यासारखी कुरकुर येऊ लागली आहे. रबराच्या बाबतीत हा आवाज कधी आला नव्हता, कारण तिथे घसरणारे काही नव्हते. पॉलियुरेथेन आणि पोलाद कोरडे पडले की आधी चिकटते, मग ताण वाढला की झटक्यात सुटते, पुन्हा चिकटते, आणि या चिकटण्या-सुटण्याच्या तालातून आवाज निर्माण होतो. बाटलीतून एकेका बुशवर पाणी सोडून पाहिले. अँटी-रोल बारच्या उजव्या बुशवर पाणी पडताच कुरकुर थांबली, म्हणजे दोषी सापडला. लोअर आर्मचे बुश शांत आहेत.

२ मार्च २०२५

उजवा ‘डी’ बुश उघडला. आत ग्रीस शिल्लक होते, पण बारच्या एका कडेला मी गंज नीट काढलेला नव्हता आणि तिथेच पॉलियुरेथेनवर राखाडी घासटा उमटला होता. जागा बारीक पॉलिश कागदाने साफ केली, ग्रीस भरले. आता याच बुशला ग्रीसचे निपल असलेला कंस मिळतो का ते पाहतो आहे, म्हणजे दर वेळी उघडावे लागणार नाही.

१७ मे २०२५

बदलानंतर ३,६०० किलोमीटर. गाडी रॅम्पवर घेऊन पाहणी केली.

बोल्टवरच्या पांढऱ्या रेघा जिथल्या तिथे आहेत. मागच्या रबरी बुशवर भेग नाही आणि पहारीने सारखाच, लहान आणि लवचीक प्रतिसाद दोन्ही बाजूंना मिळतो. पुढच्या पॉलियुरेथेन बुशच्या कडेतून थोडे ग्रीस बाहेर आले आहे आणि त्यावर धूळ बसली आहे. डाव्या बुशच्या मागच्या चकतीवर, एकाच बाजूला, चंद्रकोरीसारखी चकाकी आली आहे. आर्म मागे वळताना चकती तिथेच दाबली जात असणार, म्हणजे १८ जानेवारीला व्यक्त केलेली शंका निराधार नव्हती. चकतीची जाडी चकाकीच्या जागी ४.९ आणि समोरच्या बाजूला ५.० मिलिमीटर भरली. व्हर्नियरच्या अचूकतेचा विचार करता एवढ्या फरकावरून निष्कर्ष काढता येत नाही. ग्रीस पुसून नवे लावले.

टायरची झीज दोन्ही कडांना सारखी आहे. पुढचे जुने रबरी बुश हवाबंद पिशवीत, उन्हापासून दूर ठेवले आहेत. चकतीचे माप पुढच्या तपासणीत त्याच जागी पुन्हा घ्यायचे आहे; ते ४.५ च्या खाली गेले तर पुढेही रबरच परत बसवायचे असे ठरवून जागेवर रंगाने ठिपका काढला.